एक अक्षर, एक डोंगर: कॉकपिटमधलं यंत्र वैमानिकाचं लक्ष कसं ओढून घेतं

एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी जा आणि विचारा, ‘पिंपळगावला गाडी किती वाजता?’ आतला माणूस मान वर करून आधी उलटा प्रश्न विचारतो, ‘कुठलं पिंपळगाव?’ नाशिककडचं बसवंत, जळगावकडचं हरेश्वर, बुलढाण्यातलं राजा की जुन्नरमधलं जोगे? प्रश्न साधा आहे, पण तो विचारला गेला नाही तर माणूस दोनशे किलोमीटर भलतीकडे उतरेल. हल्ली मोबाइलच्या नकाशात नाव टाकलं की यादी येते, आपण घाईत वरचंच नाव दाबतो आणि कधीकधी अर्ध्या वाटेवर लक्षात येतं की गाडी वेगळ्याच पिंपळगावाकडे निघाली आहे. रस्त्यावर अशा चुकीची किंमत थोडं डिझेल आणि थोडी चिडचिड एवढीच.

२० डिसेंबर १९९५ च्या रात्री कोलंबियात हीच चूक एका प्रवासी विमानात झाली. तिथे विमानाच्या दोन्ही बाजूंना डोंगर होते, बाहेर अंधार होता आणि विमान खाली उतरत होतं.

वैमानिकाचं लक्ष विचलित होणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गप्पा, मोबाइल, डुलकी असं काहीतरी येतं. ते प्रकारही घडतात. पण त्याहून घातक असं एक विचलन आहे, आणि ते ओळखायला फार अवघड, कारण ते हुबेहूब कामासारखं दिसतं. वैमानिक अगदी मन लावून यंत्राशी झटत असतो, बटणं दाबत असतो, पडद्यावरचं वाचत असतो, आणि त्याच वेळी विमान कुठे चाललंय हे कुणीच पाहत नसतं. हा लेख त्या विचलनाबद्दल आहे.

आधी थोडी यंत्राची ओळख करून घेऊ, म्हणजे पुढचं नीट समजेल.

विमानाला वाट दाखवण्याची जुनी पद्धत म्हणजे जमिनीवरची रेडिओ केंद्रं. त्यातलं सगळ्यात साधं म्हणजे एनडीबी. हा एक मनोरा असतो, तो सगळ्या दिशांना लहरी सोडतो आणि कॉकपिटमधली सुई त्याच्याकडे वळते. व्हीओआर हे त्यापुढचं केंद्र, तुम्ही केंद्राच्या नेमक्या कुठल्या दिशेला आहात तेही सांगणारं. प्रत्येक केंद्राला एक, दोन किंवा तीन अक्षरांची ओळख असते आणि ती मोर्स संकेतात सतत वाजत राहते. वैमानिक केंद्राची फ्रिक्वेन्सी लावतो, कानाने संकेत ऐकतो, हेच ते केंद्र अशी खात्री करतो आणि मग सुईवर विश्वास ठेवतो. काम कष्टाचं आहे, पण त्यात डोकं सतत ‘मी कुठे आहे’ याच प्रश्नावर असतं.

१९८० च्या दशकात हे कष्ट कमी करणारं यंत्र आलं. त्याचं नाव फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टीम, थोडक्यात एफएमएस. त्याच्या पोटात जगभरातल्या विमानतळांची, रेडिओ केंद्रांची आणि हवाई वाटांवरच्या ठिकाणांची यादी भरलेली असते. दोन्ही वैमानिकांच्या मधल्या पॅनेलवर, साधारण गुडघ्याच्या उंचीला, छोटा पडदा आणि कीपॅड असतो. त्यावर ठिकाणाची अक्षरं टाकायची, यादीतून हवं ते निवडायचं आणि ‘एक्झिक्यूट’ दाबायचं. समोरच्या नकाशावर किरमिजी रंगाची रेघ उमटते आणि ऑटोपायलट विमानाला त्या रेघेवरून नेऊ लागतो. दर अठ्ठावीस दिवसांनी ही माहिती अद्ययावत होते. सरळ प्रवासात हे यंत्र इतकं बिनचूक काम करतं की थोड्याच दिवसांत हात आपोआप त्याच्याकडेच जाऊ लागतो.

आता त्या रात्रीकडे येऊ. अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट ९६५ मायामीहून कोलंबियातल्या काली शहराकडे निघालं होतं. विमान होतं बोइंग ७५७, आत १५५ प्रवासी आणि ८ कर्मचारी. नाताळ पाच दिवसांवर आला होता, बरेच लोक घरी निघाले होते आणि मायामीतून सुटायलाच जवळजवळ दोन तास उशीर झाला होता. कॅप्टन अनुभवी होते आणि कालीला पूर्वी तेरा वेळा येऊन गेले होते. त्या रात्री विमान प्रत्यक्ष चालवणारे सहवैमानिक मात्र कालीला पहिल्यांदाच येत होते. बोइंग ७५७ दोघांच्याही हातातलं होतं.

काली एका लांबलचक, उत्तर-दक्षिण खोऱ्यात वसलेलं आहे. दोन्ही बाजूंना अँडीजच्या रांगा आहेत, काही शिखरं चौदा हजार फुटांपर्यंत जातात. तिथलं रडार १९९२ मध्ये बंडखोरांनी उडवून दिलं होतं, त्यामुळे नियंत्रकाला विमान पडद्यावर दिसत नव्हतं. वैमानिक रेडिओवर सांगतील तेवढंच त्याला कळत होतं. ‘तुम्ही वाट सोडली आहे’ असं ओरडून सांगणारं खाली कुणीच नव्हतं.

दोघांनी ठरवलेला बेत असा होता: विमानतळावरून दक्षिणेकडे पुढे जायचं, वळायचं आणि दक्षिणेकडून धावपट्टीवर उतरायचं. एफएमएसमध्ये तेच भरलेलं होतं. पण वारा शांत होता. नियंत्रकाने विचारलं, उत्तरेकडूनच सरळ धावपट्टी १९ वर उतरता का? उशीर झालेलाच होता, काही मिनिटं वाचणार होती, त्यांनी हो म्हटलं. तिथून डोंगरावर आदळेपर्यंत जेमतेम पाच मिनिटं गेली.

या पाच मिनिटांत काय काय करायचं होतं ते पाहा. सरळ उतरायचं तर उंची भरपूर जास्त होती, म्हणून झपाट्याने खाली यायचं होतं. त्यासाठी पंखांवरचे स्पीडब्रेक, म्हणजे हवेला अडवून विमानाची उंची झपाट्याने कमी करणारी झडपं, उघडले गेले. नव्या वाटेचा कागदी नकाशा काढून वाचायचा होता. रेडिओवर नियंत्रकाशी बोलायचं होतं. आणि एफएमएसमध्ये भरलेला सगळा बेत मोडून नवा बेत भरायचा होता. यातलं कुठलंच काम अवघड नाही. पण चारही कामं एकदम करायची होती, रात्री, डोंगरांच्या मधोमध, आणि दोघांपैकी एकाला ते ठिकाण अजिबात माहीत नव्हतं.

नियंत्रकाने तुलुआ या व्हीओआर केंद्रावर पोहोचल्यावर कळवा असं सांगितलं होतं. तुलुआ विमानतळाच्या उत्तरेला आहे आणि नव्या वाटेचं प्रवेशद्वार तेच. पण त्याआधीच्या बोलण्यातून कॅप्टनचा समज झाला होता की आपल्याला थेट काली केंद्राकडे जायची परवानगी आहे. त्यांनी एफएमएसमध्ये ‘थेट काली’ भरलं. यंत्राने सांगितलं तसंच केलं: थेट जायचं म्हणजे मधली ठिकाणं नकोत, म्हणून मधली सगळी ठिकाणं पडद्यावरून पुसून टाकली. त्यात तुलुआही गेलं. आता ज्या तुलुआवर पोहोचल्यावर कळवायचं होतं ते नकाशावर दिसेना. ते शोधण्यात दोघे गुंतले आणि त्या शोधाशोधीतच तुलुआ मागे पडलं.

ही जागा मला नेहमी अडवते. इथे यंत्रात बिघाड नव्हता. त्याने आज्ञेप्रमाणेच केलं, फक्त आज्ञेचा परिणाम माणसाच्या मनात होता त्याहून वेगळा निघाला. अशा वेळी माणूस काय करतो? मान खाली घालून यंत्राला परत विचारू लागतो.

मग कॅप्टननी ठरवलं, तुलुआ राहू दे, सरळ रोझोकडे जाऊ. रोझो हे धावपट्टीच्या अगदी जवळचं एनडीबी केंद्र. कागदी नकाशावर त्याची ओळख लिहिलेली होती एकच अक्षर, ‘आर’. म्हणून त्यांनी कीपॅडवर ‘आर’ दाबलं. पडद्यावर ‘आर’ ओळख असलेल्या केंद्रांची यादी आली. यादीत जवळचं केंद्र सगळ्यात वर असतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. वरचं नाव निवडलं आणि एक्झिक्यूट दाबलं.

पण यादीत वरती होतं ते रोझो नव्हतंच. ते बोगोटा शहराजवळचं रोमिओ नावाचं केंद्र होतं, कालीपासून १३२ सागरी मैल ईशान्य-पूर्वेला. त्याचीही ओळख ‘आर’ आणि फ्रिक्वेन्सीही तीच. एकाच देशात दोन केंद्रांची ओळख सारखी झाल्यामुळे यंत्राची माहिती भरणाऱ्यांनी ‘आर’ हे अक्षर रोमिओला दिलं होतं आणि रोझोला यंत्रात पूर्ण नावाने ठेवलं होतं. म्हणजे रोझो हवं असेल तर चारही अक्षरं टाकायला हवी होती. कागदावर एक आणि यंत्रात दुसरं, हा फरक कॉकपिटमधल्या दोघांना माहीत नव्हता. चौकशीच्या खिडकीतला माणूस विचारतो तसं ‘कुठलं?’ हे यंत्रानेही विचारलं होतं, यादी दाखवली ती त्यासाठीच. पण योग्य उत्तर त्या यादीत नव्हतंच.

कंपनीचा नियम असा होता की वाट बदलताना एक्झिक्यूट दाबण्याआधी दोघांनीही नकाशावर नजर टाकून खात्री करायची. नवी वाट आधी तुटक रेघेने दिसते, मान्य केली की पक्की होते. ती तुटक रेघ त्या रात्री डावीकडे, पूर्वेच्या डोंगरांकडे गेलेली दिसली असती. पाहायला दोन सेकंद पुरतात. ती दोन सेकंदं कुणाकडेच नव्हती.

ऑटोपायलटने हळूहळू डावीकडे वळण घेतलं. रात्री प्रवासी विमानातलं असं संथ वळण अंगाला जाणवत नाही. खिडकीबाहेर काळोख होता. मिनिटभराहून जास्त वेळ विमान पूर्वेकडे डोंगरांत शिरत राहिलं आणि सगळा वेळ खाली उतरत राहिलं. मग दोघांना काहीतरी बिनसल्याचं जाणवलं, आपण कुठे चाललोय असं ते एकमेकांना विचारू लागले. त्यांनी विमान उजवीकडे, कालीच्या दिशेने वळवलं. पण तोवर खोरं आणि विमान यांच्यामध्ये डोंगराची रांग आली होती. आणि उतरणं तरीही थांबवलेलं नव्हतं.

जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला तेव्हा हातात बारा-तेरा सेकंद होती. वैमानिकांनी इंजिनांना पूर्ण जोर दिला, नाक वर उचललं. ही प्रतिक्रिया चपळ होती. पण उंची लवकर कमी व्हावी म्हणून उघडलेले स्पीडब्रेक उघडेच राहिले होते, ते मिटायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. विमान एल देलुवियो नावाच्या डोंगरावर, माथ्याच्या थोडंसंच खाली, सुमारे ८,९०० फुटांवर आदळलं. १५९ माणसं गेली, चार वाचली. स्पीडब्रेक वेळेत मिटले असते तर विमान कदाचित माथ्यावरून निसटलं असतं, हा प्रश्न नंतर तपासात आणि अभ्यासात पुन्हा पुन्हा आला.

चौकशी करणाऱ्या कोलंबियाच्या विमान वाहतूक विभागाने जी कारणं नोंदवली, त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. एफएमएसवरून चाललेलं दिशादर्शन गोंधळाचं झालं आणि नाजूक टप्प्यावर त्याने कामाचा बोजा अतोनात वाढवला, तेव्हा वैमानिक साध्या रेडिओ दिशादर्शनाकडे परतले नाहीत, असा त्याचा आशय. अहवालाने यंत्राला दोष देऊन हात झटकले नाहीत आणि माणसालाही नुसतं निष्काळजी ठरवलं नाही. तुमच्या हाताशी साधी पद्धत होती, ती पकडायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. पुढे अमेरिकेतल्या न्यायालयात ज्यूरीने २००० साली जबाबदारी वाटून दिली: विमान कंपनीकडे ७५ टक्के, दिशादर्शनाची माहिती पुरवणाऱ्या जेप्सेनकडे १७ टक्के आणि यंत्र बनवणाऱ्या हनीवेलकडे ८ टक्के.

तपासात आलेली आणखी एक गोष्ट चटका लावते. वैमानिकांच्या विनंत्या नियंत्रकाला विसंगत वाटल्या होत्या. पुढचं-मागचं नीट विचारावं इतकं इंग्रजी त्याच्याजवळ नव्हतं. समोर स्पॅनिश बोलणारे वैमानिक असते तर मी विचारलं असतं, असं त्याने नंतर सांगितलं. ‘कुठलं?’ हा प्रश्न त्या रात्री दुसऱ्यांदा राहून गेला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतकी मुरलेली माणसं एका कीपॅडमध्ये एवढी कशी अडकली?

गाडी शिकण्याचे दिवस आठवा. क्लच, गिअर, आरसा, ब्रेक, सगळं लक्षात ठेवून करावं लागतं. शेजारच्याने काही विचारलं तर उत्तर सुचत नाही. सहा महिन्यांनी तोच माणूस गिअर बदलता बदलता लग्नाच्या खरेदीवर बोलतो. सरावाने हात काम करू लागतात आणि लक्ष मोकळं होतं. लक्ष ही मोजकी शिदोरी आहे. ओळखीचं काम त्यातून चिमूटभर घेतं, अनोळखी काम मूठभर. अनोळखी यंत्र, किंवा ओळखीच्या यंत्राचा कधीच न पाहिलेला कोपरा, मुरलेल्या माणसालाही काही क्षण शिकाऊ करून टाकतो. आणि विमानात ते काही क्षण कधी येतील हे आपल्या हातात नसतं. बरेचदा ते उतरतानाच येतात, कारण धावपट्टी आणि वाट बदलते ती तेव्हाच.

‘अनोळखी’ म्हणजे नवंकोरं यंत्र, असा अर्थ घेऊ नये. कालीच्या वैमानिकांना एफएमएस चांगलं माहीत होतं. माहीत नव्हता तो त्याच्या पोटातला एक अपवाद. हाच अपवाद एखाद्या दुपारी, सिम्युलेटरमध्ये, चहाच्या कपासोबत भेटला असता तर ‘अरे, गंमतच आहे’ म्हणून वहीत टिपला गेला असता.

दुसरी गोष्ट मान खाली जाण्याची. नजर कीपॅडवर गेली की वेळेचा अंदाज सुटतो. दहा सेकंदं गेली असं वाटतं तेव्हा चाळीस गेलेली असतात. हे फोनवर मेसेज टाइप करताना आपल्या सगळ्यांनाच अनुभवाला येतं. दोन वैमानिकांपैकी एकाची मान खाली असेल तर दुसऱ्याची वर हवी, हा नियम म्हणून तर आहे. पण यंत्र कोड्यात टाकतं तेव्हा दुसऱ्यालाही ते कोडं ओढून घेतं. दोघेही एकत्र सोडवू लागतात, आणि विमान चालवायला कुणीच उरत नाही.

मायामी विद्यापीठातले अर्ल वीनर या संशोधकांनी १९८० च्या दशकात नव्या स्वयंचलित कॉकपिटमध्ये बसून वैमानिकांचं निरीक्षण केलं. तिथे सगळ्यात जास्त ऐकू येणारे प्रश्न तीनच, असं त्यांनी नोंदवलं: हे काय करतंय? असं का करतंय? आता पुढे काय करेल? आपल्या घरात नवा वॉशिंग मशीन आला की हेच तीन प्रश्न येतात, फक्त तिथे ते विचारत बसायला वेळ असतो.

हा विषय मुंबईलाही लागून गेलेला आहे. १४ फेब्रुवारी १९९० ला इंडियन एअरलाइन्सचं फ्लाइट ६०५ मुंबईहून बंगळूरला गेलं. विमान होतं एअरबस ए३२०, तेव्हा आपल्या देशात अगदी नवं. या विमानात ऑटोथ्रस्ट, म्हणजे शक्ती आपोआप राखणारी यंत्रणा, चालू असताना इंजिनांची शक्ती कमी-जास्त होते, पण हातातले थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचे दांडे, जागचे हलत नाहीत. जुन्या विमानांत थ्रॉटल स्वतः पुढे-मागे सरकत, हाताला आपोआप कळे की इंजिन मंदावलंय. इथे ते फक्त पडद्यावर वाचूनच कळणार. उतरताना विमान ‘आयडल ओपन डिसेंट’ नावाच्या स्थितीत गेलं. या स्थितीत इंजिनं अगदी मंद चालतात आणि वेग राखण्यासाठी विमान नुसतं खाली घसरत राहतं. खाली उतरण्याचा वेग मिनिटाला सातशे फुटांवर ठेवायचा होता, आणि त्या वेगाच्या गोल बटणाऐवजी शेजारचं उंचीचं बटण फिरवलं गेलं असावं, अशी शक्यता तपासात पुढे आली. वेग ठरल्यापेक्षा बराच खाली घसरला आणि शेवटच्या काही सेकंदांत कळलं तेव्हा इंजिनांना जोर धरायला वेळ उरला नव्हता. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात विमान आपटलं. १४६ पैकी ९२ जणांचा जीव गेला.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ ला, फ्रान्समध्ये ल्योंहून स्ट्रासबुर्गला जाणारं एअर इंटरचं ए३२० मोंत सेंत-ओदील डोंगरावर आदळलं आणि ९६ पैकी ८७ जण गेले. तपासातली प्रमुख शक्यता अशी होती की वैमानिकांना ३.३ अंशांच्या उतारावर उतरायचं होतं, त्यांनी ३३ हा आकडा भरला, पण यंत्र त्या वेळी उताराऐवजी उतरण्याच्या वेगाच्या स्थितीत होतं. यंत्राने ३३ चा अर्थ मिनिटाला ३,३०० फूट असा घेतला. एकाच खिडकीत, जवळजवळ सारखेच दिसणारे दोन आकडे, आणि त्यांच्यात तिपटीहून जास्त फरक. नंतर एअरबसने ही खिडकी बदलली, उतरण्याचा वेग चार आकड्यांत दिसू लागला. मला ही दुरुस्ती फार आवडते. वैमानिकाला ‘सावध राहा’ असं नुसतं बजावून काम भागत नाही. दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या दिसल्याच पाहिजेत, हे यंत्र बनवणाऱ्याचं काम आहे.

विचलन नव्या यंत्रातच होतं असंही नाही. १९७२ च्या डिसेंबरमध्ये ईस्टर्न फ्लाइट ४०१ मायामीजवळच्या दलदलीत कोसळलं, कारण कॉकपिटमधले सगळे पुढच्या चाकाच्या दिव्याचा एक छोटा बल्ब का पेटत नाही ते पाहत होते. त्या गडबडीत उंची राखणारा ऑटोपायलट नकळत सुटला आणि विमान हळूहळू खाली आलं. १०१ जण गेले. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्थवेस्टच्या फ्लाइट १८८ चे दोन वैमानिक ड्युटीचं वेळापत्रक लावण्याचं नवं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर समजून घेत होते. तासाहून अधिक वेळ ते रेडिओवर बोललेच नाहीत आणि मिनियापोलिस मागे टाकून शंभराहून जास्त मैल पुढे निघून गेले. कुणाला इजा झाली नाही, दोघांचे परवाने मात्र गेले. या घटनांमध्ये मला एकच चित्र दिसतं: न सुटलेलं छोटं कोडं, त्यावर वाकलेली माणसं आणि कुणाचंच लक्ष नसलेलं विमान.

मग यावर काय केलं गेलं? १९८१ मध्ये अमेरिकेने नियम केला की दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेलं बोलणं आणि काम बंद. चांगला नियम. पण कालीच्या कॉकपिटमध्ये त्याचा उपयोग झाला नसता, कारण तिथे जे चाललं होतं ते सगळं उड्डाणाशीच संबंधित होतं.

काली अपघातानंतर सगळ्यात मोठा बदल झाला तो जमिनीचा इशारा देणाऱ्या यंत्रात. जुनं यंत्र थेट खाली पाहत असे. खालच्या जमिनीचं अंतर झपाट्याने कमी होतंय असं दिसलं की वाजायचं. समोर सरळ उभा कडा असेल तर त्याला तो अगदी जवळ आल्यावरच कळे. नव्या यंत्रात जगाच्या भूभागाचा नकाशा भरलेला असतो. विमान आत्ता कुठे आहे आणि कुठल्या दिशेने चाललंय ते पाहून यंत्र पुढचा डोंगर आधीच ओळखतं, जवळजवळ मिनिटभर आधी, आणि पडद्यावर तो लाल-पिवळ्या डागांनी दाखवतं. त्यामागे अभियंते डॉन बेटमन यांचं अनेक वर्षांचं काम होतं. अमेरिकेत २००० साली नियम झाला आणि २००५ पर्यंत ते प्रवासी विमानांत बसवणं सक्तीचं झालं. कालीच्या विमानातल्या नकाशावर किरमिजी रेघ होती, डोंगर नव्हते. आज डोंगर दिसतात. किती जीव यामुळे वाचले असतील त्याचा हिशेब मांडता येणार नाही, कारण जे आदळलं नाही त्याची बातमी होत नाही.

गंमत म्हणजे हेच यंत्र आता नवं कोडं टाकू लागलंय. काही भागांत जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड केली जाते, खोटी जागा आणि खोटी वेळ दाखवली जाते. आपल्या देशातही याची दखल घ्यावी लागली, नोव्हेंबर २०२३ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, विमान कंपन्यांसाठी सूचना काढल्या. जागाच खोटी असेल तर तीस हजार फुटांवर असतानाही यंत्र ‘पुल अप’ (नाक वर उचला) म्हणून ओरडू शकतं. वैमानिकाला माहीत असतं की हे खोटं आहे, तरी तो आवाज, ते दिवे, ती घड्याळाची उलटसुलट वेळ लक्ष ओढतेच. आणि खोटा इशारा वारंवार ऐकला की खरा ऐकण्याची तयारी कमी होते. ही भीती मला जास्त वाटते.

लहान खाजगी विमानांत तर हा प्रश्न आणखी टोकदार आहे. तिथे एकटाच वैमानिक असतो, मांडीवर टॅब्लेट असतो, त्याचं अ‍ॅप काल रात्रीच अपडेट झालेलं असतं आणि ओळखीचं बटण जागेवर नसतं. मान वर ठेवायला दुसरं कुणी शेजारी नसतं. उड्डाण क्लबांतले जुने शिक्षक म्हणूनच सांगतात, नवं उपकरण आधी जमिनीवर, इंजिन बंद असताना हाताळा. पहिल्या वेळी हवेत नको.

मोठ्या कंपन्यांत याला पद्धतीचं रूप आलंय. १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्याच प्रशिक्षण केंद्रात वैमानिकांना ठासून सांगितलं जाऊ लागलं की किरमिजी रेघेचे गुलाम होऊ नका. स्वयंचलित यंत्रणेला जिन्यासारख्या पायऱ्या असतात. सगळ्यात वर एफएमएस, त्याखाली ऑटोपायलटला हाताने दिलेली दिशा आणि उंची, आणि सगळ्यात खाली आपला हात. वरच्या पायरीवर गोंधळ झाला की तिथेच कोडं सोडवत बसायचं नाही, एक पायरी खाली यायचं. दिशेचं गोल बटण फिरवायचं, उतरणं थांबवायचं, आणि विमान सुरक्षित ठिकाणी नेऊन मग निवांत कीपॅड हातात घ्यायचा. वैमानिकांची एक जुनी क्रमवारी आहे: आधी विमान उडवणं, मग दिशा, मग बोलणं. कीपॅड हे दिशेचं साधन आहे, म्हणजे त्याचा नंबर दुसरा.

आणखी एक सवय लावली जाते, नियंत्रकाला ‘नाही’ म्हणायची. शेवटच्या क्षणी धावपट्टी बदलायला सांगितली, आणि ते यंत्रात भरायला, नकाशा वाचायला वेळ नसेल, तर वेळ मागायचा. एक गोल चक्कर मारायला परवानगी मागायची. उशीर आधीच झालेला असतो, प्रवासी घड्याळ पाहत असतात, त्यामुळे हे वाटतं तितकं सोपं नाही.

आज सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षक हाच प्रसंग मुद्दाम घडवतात. उतरण सुरू आहे, ढग आहेत, डोंगर आहेत, आणि हेडफोनमध्ये आवाज येतो: धावपट्टी बदलली. प्रशिक्षक मागच्या खुर्चीत शांत बसलेला असतो. नवी वाट किती झटपट भरली हे तो मोजत नाही. त्याची नजर एकाच गोष्टीवर असते: पहिला हात कीपॅडकडे जातो, की उंचीच्या बटणाकडे.